साडी अंगभर आहे, मग आक्षेप कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यातला चार जणांचा गट एक गेम बनवतोय. अठराव्या शतकातल्या गायकवाडी मुलखात निरोप पोचवणारी एक जासूद ही नायिका. ती धावते, वावेच्या (पायऱ्यांच्या विहिरीच्या) पायऱ्या चढते-उतरते, दांडपट्टा चालवते. चाळीस सेकंदांचा ट्रेलर आल्यावर एका बाईंनी लिहिलं, की कॅमेरा सारखा नायिकेच्या कमरेवर जातो, आणि शेवटी तिला बांधून ठेवलेली असते व सोबतचा शिलेदार सोडवतो, म्हणजे ती नायिका नावापुरतीच. यावर गेमच्या चाहत्यांनी त्या बाईंना शिव्या घातल्या, एक-दोघांनी धमकावलंही. गटाचं म्हणणं: नऊवारी अंगभर आहे, पाठ-पोटसुद्धा दिसत नाही, मग यात सेक्सिस्ट काय? उत्तर काय द्यावं? आणि चाहत्यांना कसं आवरावं?

आधी चाहत्यांचं बघू, कारण ते काम आजच व्हायला हवं.

शिव्या पुसण्याआधी पुरावा ठेवा. पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट, पोस्टची लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि वेळ. घाईघाईने कमेंट उडवलीत तर त्या बाईंना उद्या तक्रार करायची झाल्यास हातात काहीच उरत नाही. हे सगळं एका फोल्डरमध्ये घालून त्यांना एकाच मेसेजमध्ये पाठवा. त्या मेसेजमध्ये माफीची अपेक्षा, भेटीची विनंती, 'आमची बाजू समजून घ्या' असलं काही नको. धमकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 351 लागतं, पाठलागाला 78, स्त्रीचा अवमान करणाऱ्या शब्दांना आणि हावभावांना 79. तक्रार राष्ट्रीय सायबरक्राइम पोर्टलवर करता येते, शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यातही करता येते. ती करायची की नाही हे त्या बाई ठरवतील. तुम्ही फक्त पुरावा त्यांच्यापर्यंत पोचवायचा.

मग डिस्कॉर्डवर, म्हणजे तुमच्या चाहत्यांच्या गप्पांच्या जागी, दहा मिनिटांचा स्लो मोड लावा (एकदा लिहिलं की दहा मिनिटं पुन्हा लिहिता येत नाही), यूट्यूबच्या कमेंट तपासून सोडण्यावर ठेवा. शब्दांची गाळणी लावताना बहुतेक जण देवनागरी शिव्या टाकतात आणि थांबतात. आपल्याकडची पोरं मराठी, गुजराती, हिंदी तिन्ही भाषांत आणि रोमन लिपीत लिहितात, एकेका शिवीची चार-पाच स्पेलिंगं असतात. ती सगळी यादीत हवीत, नाहीतर गाळणी असून नसल्यासारखी. धमकी देणाऱ्याला ताकीद देत बसू नका, थेट काढा. वर एक सूचना पिन करा, एवढीच: 'आमच्या ट्रेलरवर टीका करणाऱ्या प्रेक्षकाला ज्यांनी शिव्या किंवा धमक्या दिल्या त्यांना आम्ही काढलं आहे. टीका आमच्या कामावर आहे आणि तिचं उत्तर आम्ही देऊ. त्या व्यक्तीला कोणीही मेसेज करू नये, आमची बाजू घेण्यासाठीही नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. झुंड जमते ती बहुतेक वेळा 'आपल्या माणसांची बाजू घ्यायला' म्हणूनच जमते.

वातावरण आपोआप निवळेल म्हणून गप्प बसणं ही नेहमीची चूक. चाहते तुमच्या गप्प बसण्याला मूक संमती समजतात. 2012 साली समीक्षक अनिता सर्कीसियन यांनी गेममधल्या स्त्रियांच्या ठरावीक साच्यांवर व्हिडिओमालिका करायची म्हणून लोकांकडे सहा हजार डॉलर मागितले. मालिकेचा एक भागही निघाला नव्हता तेव्हा शिवीगाळ सुरू झाली, त्यांच्या चेहऱ्यावर ठोसे मारण्याचा एक ब्राउझर गेमसुद्धा कोणीतरी बनवला. ऑक्टोबर 2014 मध्ये गोळीबाराच्या धमकीमुळे त्यांना युटा स्टेट विद्यापीठातलं व्याख्यान रद्द करावं लागलं, कारण तिथल्या कायद्यामुळे सभागृहात बंदूक आणायला मनाई करता येत नव्हती. कमेंटमधली शिवी कुठवर जाऊ शकते ते यावरून कळावं.

आता ट्रेलर. 'सेक्सिस्ट आहे की नाही' यावर गटात वाद घालण्याआधी मोजा. चाळीस सेकंदांतून दर अर्ध्या सेकंदाला एक चौकट काढा, ऐंशी चौकटी होतील. त्या एका मोठ्या पानावर ओळीने लावा. प्रत्येक चौकटीवर दोन खुणा करा: नायिकेचं डोकं चौकटीत आहे की कापलंय, आणि चौकटीच्या मधोमध काय आहे, चेहरा, हात-शस्त्र, की कंबर-छाती. हेच शिलेदाराच्या चौकटींनाही करा. त्याचं डोकं कुठेच कापलेलं नसेल आणि तिचं दहा-बारा ठिकाणी कापलेलं असेल, तर बाईंनी जे लिहिलं ते तुमच्या पानावर दिसेल, मतभेदाला जागा उरणार नाही. दुसरी तपासणी अदलाबदलीची. दोघांच्या मॉडेलमधला हालचालीचा सांगाडा एकच असेल तर तिची सगळी ॲनिमेशनं आणि कॅमेरा तसाच ठेवून जागी शिलेदाराचं मॉडेल बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे. जिथे तो बघायला विचित्र वाटेल, तिथे हालचाल लढण्यासाठी केलेली नाही, दाखवण्यासाठी केलेली आहे.

तुमच्या बाबतीत एक दोष गेममध्येच आहे, ट्रेलरवाल्याचा नाही. तिसऱ्या व्यक्तीचा कॅमेरा, म्हणजे नायिकेला मागून दाखवणारा, साधारण 1.4 मीटर उंचीच्या टेकूभोवती, म्हणजे तिच्या अंगावरच्या एका ठरावीक बिंदूभोवती, तीन मीटर अंतरावर फिरतो. खेळाडूने वर पाहिलं, समजा 25 अंश, की कॅमेरा टेकूपासून सुमारे 1.27 मीटर खाली उतरतो, म्हणजे नायिकेच्या पावलांपासून जेमतेम 13 सेंटिमीटर वर. सपाट जमिनीवर आणखी वर पाहिलं तर जमीनच त्याला अडवते. पण वावेच्या पायऱ्या चढताना मागची जमीन खाली गेलेली असते, अडवायला काहीच नसतं, आणि पायऱ्यांवर तर खेळाडू वरच पाहणार. म्हणजे वावेच्या प्रत्येक चढणीला कॅमेरा तिच्या मागून खालून वर बघतो. कोणाचा हेतू नसताना हे घडतं आणि गेमभर घडत राहतं. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातली नवलखी वाव पाहा, तिचा उतार लक्षात घ्या, म्हणजे हे किती वेळा होणार याचा अंदाज येईल.

उपाय असा: पायऱ्यांवर टेकू डोक्याच्याही 30 ते 40 सेंटिमीटर वर न्या, अंतर दोन मीटरवर आणा, आणि वर बघण्यासाठी कॅमेरा खाली न सरकवता जागच्या जागी मान वर करू द्या. म्हणजे फिरण्याचा कोन आणि बघण्याचा कोन वेगळे ठेवा. भिंतीला पाठ लागल्यावर कॅमेरा अंगावर येतो तेव्हाही टेकू डोक्यावर चढवा, आणि अंतर 0.7 मीटरच्या आत गेलं की मॉडेल पारदर्शक करून टाका. एवढ्याने अर्धी तक्रार संपते आणि पायऱ्यांवर उडी मारणंही सोपं होतं, कारण पुढची पायरी दिसते.

चालीचंही मोजून बघा. बाजारातल्या तयार 'फीमेल' ॲनिमेशन संचांत बाई रॅम्पवर चालते, पावलं एका रेषेत किंवा एकमेकांना ओलांडून पडतात. साध्या चालीत माणसाचं कमरेचं हाड प्रत्येक बाजूला पाचेक अंश झुकतं आणि धड चार-पाच सेंटिमीटर डावी-उजवीकडे सरकतं, पावलांत बोटभर ते वीतभर अंतर असतं. तुमच्या फाइलमध्ये कमरेचा झोल दहा अंशांच्या वर असेल तर तो निम्म्यावर आणा. उभं राहण्याची मुद्राही बदला. एक नितंब बाहेर काढून, हात कमरेवर ठेवून उभी असलेली बाई कोणत्याही क्षणी वार झेलायला तयार नसते. दोन्ही पायांवर भार, गुडघे सैल, पावलं खांद्याइतकी रुंद. संदर्भ हवा तर प्रा. माणिकरावांच्या परंपरेतल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात लाठीचा पवित्रा कसा घेतात ते परवानगी घेऊन चित्रित करा. गावात एवढा मोठा वारसा असताना परदेशी संच विकत घेण्याचं कारण नाही.

तुमच्या कन्सेप्ट चित्रांवर रविवर्म्याची छाप दिसते. फतेसिंह संग्रहालयातली चित्रं पाहून मोठं झालेल्या चित्रकाराचं हे स्वाभाविक आहे. पण त्या स्त्रिया उभ्या राहण्यासाठी, पाहिल्या जाण्यासाठी मांडलेल्या आहेत. त्यांचा पदर, मानेचा कल, हाताची ठेवण सगळं एका स्थिर क्षणासाठी आहे. तुमची बाई दिवसाला पंधरा कोस जाते. तिचे पोटरीचे स्नायू, पायांचे तळवे, उन्हाने रापलेले हात चित्रात दिसले पाहिजेत.

दांडपट्ट्याने तर शरीर कसं हवं हेच ठरवून दिलंय. पट्ट्याचा हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत अडकलेला असतो, मनगट वाकत नाही. त्यामुळे वार खांद्यातून, कमरेच्या पिळातून आणि पायांतून येतो. तुमच्या मॉडेलचे खांदे अरुंद आणि दंड काडीसारखे आहेत, म्हणून ॲनिमेशन करणाऱ्याला तिचा वार वजनदार दिसत नाही आणि तो मनगट वाकवून खोटा झटका देतो. खांदे रुंद करा. उंची साडेसात ते आठ डोक्यांची ठेवा, नऊ नको. ती देखणी दिसणार नाही अशी भीती बाळगू नका. अंगात बळ असलेली बाई आपल्याकडे कुरूप मानत नाहीत.

आता 'अंगभर साडी'चा मुद्दा, कारण तुमचा सगळा भर त्यावर आहे. नवरात्रात वडोदऱ्याच्या मैदानांवर हजारो मुली मागे फक्त नाडी असलेली चोळी घालून तीन-तीन तास गरबा खेळतात. त्यात कोणी काही वाईट मानत नाही, कारण त्या स्वतःच्या आनंदासाठी खेळत असतात, पोशाख त्यांनी निवडलेला असतो. त्याच मैदानावर कोणी फोन कमरेच्या उंचीवर धरून चेहरा वगळून चित्रण केलं तर त्याला लोक बाहेर काढतील. पाठ तीच, चोळी तीच. फरक बघणाऱ्याने काय निवडलं यात आहे. ट्रेलरबद्दल बाईंचं म्हणणं अगदी हेच आहे.

गेमच्या इतिहासातही कापडाने हा प्रश्न सुटलेला नाही. 1986 च्या 'मेट्रॉइड' या गेममध्ये नायिका सॅमस सबंध गेमभर चिलखतात असते, पण खेळाडूने गेम जितका लवकर संपवावा तितके तिचे कपडे शेवटी कमी होत जातात, बक्षीस म्हणून. 'टूम रेडर'ची नायिका लारा क्रॉफ्ट 1996 साली तोकड्या चड्डीत आली. 2013 च्या नव्या 'टूम रेडर'मध्ये तिला लांब विजार मिळाली, अंगकाठी खरी झाली. तरीही तो गेम यायच्या आधी, 2012 मध्ये, वाद झालाच, कारण निर्मात्याने सांगितलं की खेळाडूला तिचं रक्षण करावंसं वाटेल, आणि गेममध्ये तिच्या विव्हळण्यावर आणि भयंकर मरणांवर कॅमेरा रेंगाळतो. कपडे वाढले, नजर राहिली. उलट 'बेयोनेटा' या गेमची त्याच नावाची नायिका अंगावर घट्ट कपड्यांत, मुद्दाम नखरे करत लढते. तिची रचना मारी शिमाझाकी या स्त्री चित्रकाराची आहे, आणि अनेक स्त्री खेळाडूंना ती आवडते, अनेकींना नाही. तो वाद मोकळाच राहील, पण निदान तो त्या पात्राच्या स्वभावावरचा वाद आहे.

नऊवारीचं एक तांत्रिक सांगतो, कारण तुमच्या गटाला घागरा सोपा वाटतोय. उलट आहे. कासोट्यामुळे दोन पाय वेगळे होतात, म्हणून रिगिंग (मॉडेल हालचालीच्या सांगाड्याला जोडणं) विजारीसारखं होतं. घेरदार घागऱ्यासाठी कापडाचं सिम्युलेशन, म्हणजे त्याच्या हालचालीचा सतत हिशेब, लागतो आणि धावताना पाय त्यातून आरपार जातात. कासोट्याला अडचण एकच: मांडीच्या आतल्या बाजूला निऱ्या ताणल्या जातात, तिथे पाय फाकवल्यावर दुरुस्तीचा आकार द्यावा लागतो. पदर कमरेला खोचलेला ठेवा, उरलेल्या टोकाला सांगाड्यातल्या तीन-चार हाडांची साखळी पुरते. छातीला मात्र स्प्रिंगची हाडं लावलीत ती काढा. पुढे गाठ मारलेली चोळी घट्ट असते, धावताना ती अशी उसळत नाही. शिवाय तुमचं सिम्युलेशन फ्रेमदराला (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याला) बांधलेलं दिसतं, म्हणून स्वस्त फोनवर 30 फ्रेमला ते दुप्पट हलतं आणि नेमक्या त्याच क्लिपा लोक फिरवतात. तो हिशेब पदर, केस आणि कमरेच्या बटव्याला द्या, तोही ठरावीक कालखंडाने चालवून.

आवाज बहुतेक गट विसरतात. हलका मार, जबर मार, उडी, पडणं, चढणं, प्रत्येकासाठी पंधरा-वीस आवाज ध्वनिमुद्रित करा, आणि करताना कलाकाराला खरोखर बैठका मारायला, भिंतीला रेटायला लावा. मग चित्र बंद करून नुसते ऐका. मार खाल्ल्याचा आवाज शयनगृहातल्यासारखा वाटला तर तो टाकून द्या, कितीही चांगला आला असला तरी.

राहिला बांधून ठेवण्याचा शेवट. बंदी होणं हे दूषण नाही, जासूद पकडली जाणारच. शेवटच्या पाच मिनिटांतली क्रियापदं दोन रकान्यांत लिहा: ती काय करते, तिच्यावर काय केलं जातं. सध्या दुसरा रकाना भरलेला आहे. तिने दोर घासून तोडायचा, शिलेदाराने बाहेर पहारेकऱ्यांना गुंतवायचं, आणि खेळाडूच्या हातात त्या वेळी ती असली पाहिजे. नियंत्रण तिच्या हातातून काढून शिलेदाराकडे दिलंत की संवादात तिला कितीही शूर म्हणा, खेळाडूला कळतं की गोष्ट कोणाची आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 चा 'राजी' पाहा. सर्कसमधली मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, वाचवणारी तीच असते, आणि तिची प्रत्येक उडी, प्रत्येक कसरत तिच्या धंद्यातून आलेली आहे. आपल्याच माणसांनी, बेताच्या पैशांत हे केलेलं आहे.

चाहत्यांचे युक्तिवाद तुम्हाला पुढे पुन्हा ऐकू येतील, म्हणून दोन-तीनच घेतो. 'पुरुष पात्रंही अतिशयोक्त असतात.' असतात, पण 'गॉड ऑफ वॉर'च्या नायकासारखं, क्रेटॉससारखं, शरीर खेळाडूला स्वतः व्हावंसं वाटावं म्हणून असतं. तुमच्या ट्रेलरमध्ये शिलेदार कुठे बघत आहे ते कॅमेरा दाखवतो, आणि तिच्याकडे मात्र कॅमेरा बघतो. 'स्त्री पात्र केलं तर काम दुप्पट होतं.' 2014 मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेमच्या वेळी तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने हेच कारण दिलं, आणि त्याच मालिकेवर काम केलेल्या एका ॲनिमेटरने ते एक-दोन दिवसांचं काम आहे असं जाहीर सांगितलं. 'टीकाकारांना आमचा गेम बंद पाडायचा आहे.' इथे खरी दुखरी जागा आहे. 2013 मध्ये एका समीक्षक बाईंनी 'जीटीए फाइव्ह' या गेमला दहापैकी नऊ गुण दिले आणि त्यातल्या स्त्रीद्वेषाबद्दल दोन ओळी लिहिल्या, तर त्यांना नोकरीवरून काढा म्हणून हजारो सह्यांचा अर्ज निघाला. नऊ गुण दिलेल्या माणसाला गेम बंद पाडायचा नसतो. पण ज्या पोराने तो गेम शंभर तास मनापासून खेळलाय त्याला ती टीका स्वतःच्या चारित्र्यावर वाटते. त्याला 'तू वाईट आहेस' असं कोणी म्हटलेलं नाही, हे तुम्ही त्याला चौकट दाखवून सांगू शकता. व्याख्यान देऊन ते पटत नाही.

टीकाकारही चुकतात, आणि तेही मान्य करायला हवं. सर्कीसियन यांच्या मालिकेत 'हिटमॅन: ॲब्सोल्यूशन' या गेममधली नाचघराची क्लिप होती, तिथल्या बायकांवर हिंसा करायला गेम खेळाडूला उद्युक्त करतो हे दाखवायला. तो गेम निरपराधांना मारल्यावर गुण कापतो, हे खेळाडूंनी बरोबर दाखवून दिलं. तरी त्या बायकांची प्रेतं ओढत नेण्याची सोय गेममध्ये होती, तो प्रश्न उरतोच. अशा दुरुस्त्या जरूर कराव्यात, नेमक्या शब्दांत, आणि माणसावर न जाता. 2020 मध्ये 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागात ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेली यांना मारण्याच्या धमक्या आल्या, कारण काही खेळाडूंना ते पात्र आवडलं नाही. गेम संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, आणि विक्री सुरू होऊन काही तासांतच मेटाक्रिटिक या गुण एकत्र दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शून्य गुणांचा पूर आला. त्यानंतर त्या संकेतस्थळाने पहिले 36 तास खेळाडूंची परीक्षणं घेणं बंद केलं. तुमच्या गेमवर असा पूर आला तर स्टीमला, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाला, कळवा. विषयबाह्य परीक्षणांची लाट ओळखून ती एकूण गुणांतून वगळण्याची पद्धत त्यांनी 2019 पासून ठेवली आहे.

उत्तर लिहिताना 'ओव्हरवॉच' या गेमचं 2016 मधलं उदाहरण समोर ठेवा. त्यातल्या ट्रेसर या पात्राची पाठमोरी विजयमुद्रा तिच्या खेळकर, मोकळ्या स्वभावाशी जुळत नाही, तीच मुद्रा विडोमेकर या दुसऱ्या पात्राला शोभते, एवढंच एका खेळाडूने म्हटलं होतं. त्या गेमचे तेव्हाचे संचालक जेफ कॅप्लन यांनी मुद्रा बदलू असं सांगितलं, आरडाओरडा झाला, मग त्यांनी स्पष्ट केलं की गटालाही ती मुद्रा पुरती पटलेली नव्हती. काही दिवसांत नवी मुद्रा आली, तीही खांद्यावरून मागे बघणारीच, पण त्या पात्राची वाटणारी. आक्षेप नेमका होता, म्हणून उत्तरही नेमकं देता आलं.

तुमचं उत्तर पाच ओळींच्या वर जाऊ देऊ नका. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' हा शब्दप्रयोग टाळा, त्यात दोष समोरच्याच्या भावनेवर जातो. 'आमच्या गटात मुलीही आहेत' हेही नको. असं काही लिहा: 'ट्रेलरमधल्या कॅमेऱ्याबद्दलची टीका आम्ही चौकट-चौकट तपासली आणि ती बरोबर आहे. पायऱ्यांवरचा कॅमेरा आणि नायिकेची चाल आम्ही बदलत आहोत. शेवटच्या प्रसंगात सुटका ती स्वतः करेल. नऊवारी आणि दांडपट्टा तसेच राहतील. बदललेला ट्रेलर अमुक तारखेला टाकू.' काय बदलणार नाही हे लिहिल्याने चाहत्यांचा 'आता सगळंच बदलणार' हा धसका कमी होतो. त्या बाईंना टॅग करू नका, नाहीतर झुंड पुन्हा त्यांच्या दारात जाईल. तारीख मात्र अशी द्या की पाळता येईल. कॅमेऱ्याला दोन दिवस, चाल आणि मुद्रांना आठवडा, आवाज नव्याने घ्यायला आणखी चार दिवस, शेवटच्या प्रसंगाला सगळ्यात जास्त, कारण तिथे नियंत्रणाचं कोडिंग बदलावं लागेल. महिन्यानंतरची तारीख सांगा, आणि त्या दिवशी पायऱ्यांचा जुना आणि नवा कॅमेरा शेजारी-शेजारी दाखवणारी दहा सेकंदांची क्लिप ट्रेलरसोबत टाका.